चुलीवरची तार

मैंदर्गीच्या आमच्या जुन्या घरात चुलीच्या वर, हात उंचावला की लागेल एवढ्या उंचीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तार बांधलेली आहे. धुराने ती इतकी काळी झालीय की मुळात लोखंडाची आहे की तांब्याची, ते सांगता येत नाही. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, ही तार कशाला गं? ती म्हणाली, कपडे वाळवायला.

चुलीच्या धुरात कपडे कोण वाळवतं, हा प्रश्न मला पडायला वीस वर्षं लागली.

तो पडला गेल्या वर्षी मार्चमध्ये. १४ एप्रिलच्या जयंतीला आमचं अख्खं घराणं मैंदर्गीला जमणार होतं. पुणे, सोलापूर, मुंबई आणि सीमेपलीकडचं कलबुर्गी धरून चाळीसएक माणसं. चौदाला मिरवणूक आणि पंधराला दुपारी घरचं जेवण असं ठरलं होतं. जेवणाला काय, यावर फोनाफोनी चालली होती. कुणी म्हणालं बिर्याणी, कुणी म्हणालं सरळ केटरर सांगू. तेवढ्यात आत्या म्हणाली, "नुस्तं मटण काय, कुटंबी मिळतंय की. यंदा चान्या करू. म्हयनाभर आधी लागू."

फोनवर एकदम शांतता पसरली. मग थोरले चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एवढंच बोलले, "ते घरात परत आणायचं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

मला चान्या हा शब्द पुस्तकांतून माहीत होता. तो आपल्या घरात राहून गेलाय, हे माहीत नव्हतं. तार कशाची, ते त्या क्षणी कळलं.

चान्या म्हणजे काय

चान्या म्हणजे मीठ लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. हाडावरून मांस सोडवायचं, चरबी काढून टाकायची, कारण चरबी आधी खवट होते. मग धाग्याच्या दिशेने लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ चोळायचं आणि दोरीवर टाकायच्या. सोलापूर, मराठवाडा आणि आजूबाजूच्या भागातल्या महार-मांग वस्त्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. वाळलेल्या चान्या गाडग्यात भरून ठेवायच्या. लागतील तेव्हा निखाऱ्यावर भाजून, ठेचून भाकरीसोबत खायच्या, नाहीतर डाळीत टाकून शिजवायच्या. आमच्या भागात मराठीइतकीच कन्नड चालते, त्यामुळे आजी माहेरच्या माणसांशी बोलताना 'ओण खंडा' म्हणायची, असं आत्या सांगते. ओण म्हणजे वाळलेलं, खंडा म्हणजे मांस.

यातलं शास्त्र सोपं आहे. ताज्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. मांस सडवणाऱ्या जिवाणूंना ते पाणी लागतं. मीठ ते पाणी ओढून बाहेर काढतं, ऊन ते उडवतं. उरलेलं काम धूर करतो. लाकडाच्या धुरात फिनॉल, आम्लं आणि फॉर्मल्डिहाइड असतं. त्यांच्यामुळे मांसाच्या वरच्या थरावर जिवाणू वाढत नाहीत, चरबी लवकर खवट होत नाही आणि माश्या लांब राहतात. ऊन असेल तर धुराशिवाय भागतं. ढग आले की धूर लागतो, म्हणून चुलीवर तार.

आणि आमच्याकडे ऊन असतंच. मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यातलं छोटंसं नगरपरिषदेचं गाव, अक्कलकोटहून दुधनीला जाताना लागतं. पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होतं. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क. इथलं सगळं खाणंच वाळवणाचं आहे. सोलापूरची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. शेंगाची चटणी, सांडगे, कुरडया, पापड, सगळं याच उन्हाचं. कडक भाकरी आता खोक्यात भरून पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते आणि लोक ती कौतुकाने नेतात. त्याच उन्हात, त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला वाळणाऱ्या चान्यांबद्दल मात्र आजी आपल्या नातीशी खोटं बोलली.

का, ते समजायला इतिहासात जावं लागतं.

जनावर मरेल त्या दिवशी

महार हे गावाचे वतनदार होते, असं पुस्तकात वाचलं की काहीतरी मानाचं वाटतं. प्रत्यक्षात वतन म्हणजे कामांची न संपणारी यादी होती. सरकारी टपाल पोचवायचं, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, वेशीवर पहारा द्यायचा, मयताची खबर परगावी न्यायची. आणि गावात कुणाचंही ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर न्यायचं. बदल्यात बलुतं, थोडी इनाम जमीन, आणि त्या मेलेल्या ढोराचं मांस. कातडं कुणाचं, यावर गावागणिक वेगळा रिवाज आणि वेगळी भांडणं.

महारांमध्ये बावन्न हक्कांची एक आख्यायिका सांगितली जाते. अमृतनाक नावाच्या महाराने बिदरच्या बादशहाच्या बेगमेला संकटातून सोडवून आणलं. बादशहाने बक्षीस विचारलं, तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. त्यात मेलेल्या जनावरावरचा हक्कही आला. बिदर आमच्यापासून फार लांब नाही. बाबासाहेबांनीही 'द अनटचेबल्स' या १९४८च्या ग्रंथात बिदरच्या राजांकडून मिळालेल्या या बावन्न हक्कांच्या दाव्याचा उल्लेख केला आहे. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की ज्याला आपण आज लादलेलं काम म्हणतो, ते टिकवण्यासाठी लोकांना त्याला 'हक्क' म्हणावं लागलं. उपाशी माणसाला त्याशिवाय दुसरं काही मागायची सोयच नव्हती.

आता या व्यवस्थेत मांस कधी मिळतं, ते बघा. सण आहे म्हणून नाही, पाहुणे आलेत म्हणून नाही. ढोर मरेल तेव्हा. आणि ढोरं एकेक करून सोयीने मरत नाहीत. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. दुष्काळ पडला की चाऱ्यावाचून जनावरं पटापट पडायची. १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या ज्या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली त्यांत सोलापूर होतं. पुन्हा १८९६-९७, पुन्हा १८९९-१९००. अशा वेळी आठवडाभर मांसच मांस आणि नंतर कित्येक महिने काही नाही. जे आज आलंय ते वाळवून ठेवलं नाही तर उद्या भूक ठरलेली.

म्हणजे चान्या ही पाककृती कमी आणि धान्याची कणगी जास्त होती. फरक एवढाच की कणगीवाल्याला सुगी कधी येणार ते माहीत असतं. आमच्या लोकांची सुगी दुसऱ्याचं जनावर मेल्यावर यायची.

त्यात जीवही जायचा. काळपुळीने म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेल्या जनावराचं मांस हाताळणाऱ्याला आणि खाणाऱ्याला तो रोग होतो, आणि त्याचे बीजाणू मीठ, ऊन, धूर कशालाच दाद देत नाहीत. जनावर कशाने मेलं, हे विचारायची मुभा ओढून नेणाऱ्याला नव्हती.

महाडला काय सांगितलं गेलं

१९ आणि २० मार्च १९२७ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, हे थोडं मागे पडतं. पाणी घेणं आणि मृतमांस सोडणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या. एकीकडे नाकारलेलं मागायचं होतं, दुसरीकडे लादलेलं नाकारायचं होतं. पुढच्याच वर्षी, १९२८ला, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं.

यावर गावांचं उत्तर काय होतं? नुकसान मोजून दाखवायचं. ढोरं ओढायची सोडल्याने महारांचं कातडं, शिंगं, हाडं, मांस मिळून वर्षाला पाचशे रुपयांचं नुकसान होतं, असा हिशोब 'केसरी'त आल्याचं बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात सांगितलं होतं. त्यांचा जबाब साधा होता: एवढा फायदा असेल तर हे काम तुम्ही करा, वर मी माझ्याकडून पाचशे रुपये देतो.

तो पाचशेचा हिशोब मी बऱ्याचदा मनात फिरवते. कारण नुकसान खरं होतं. मांस सोडलं म्हणजे ताटातून काहीतरी गेलंच, आणि त्या जागी लगेच दुसरं काही आलं नाही. आमच्या पणजोबांनी आपल्या मूळ गावी ढोर ओढायला नकार दिला, तेव्हा बलुतं बंद झालं, वाण्याने उधारी बंद केली. ते मैंदर्गीला आले ते त्यानंतर. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. पण ते पहिले सहा महिने घरात काय शिजलं, हे कुणीच सांगत नाही. कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर ज्यांनी सोडलं, त्यांनी स्वतःच्या पोटावर सोडलं.

हेही नीट लक्षात घ्यायला हवं की बाबासाहेबांचा रोख कशावर होता. 'द अनटचेबल्स'मध्ये ते मांस खाणं, गोमांस खाणं आणि मेलेल्या जनावराचं मांस खाणं या गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते, हे दाखवून ते विचारतात की मग ज्यांनी सोडलं नाही तेच अस्पृश्य का ठरले. त्यांच्या मते गावाबाहेरच्या फुटलेल्या, गरीब माणसांकडे मारायला स्वतःची गुरं नव्हती, मेलेलं तेवढं वाट्याला येत होतं. म्हणजे मुद्दा चवीचा नव्हता. कुणाच्या मर्जीने ताट भरतं, याचा होता.

तीच दोरी, दुसरी माणसं

मांस वाळवून, धुरी देऊन ठेवणं ही काही आमचीच गोष्ट नाही. जगात जिथे थंडी, ऊन किंवा वारा आहे, तिथे ती आहे.

गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची लगबग असते. पोर्तुगीज 'प्रोविमेंतो'वरून आलेला हा शब्द, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकं मासळी, मिरच्या, कोकम यांच्याबरोबर चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. माडाचं व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण लावलेलं मांस आतड्यात भरून उन्हात वाळवायचं आणि चुलीवर धुरात टांगायचं. बाहेर कोसळणारा पाऊस आणि आत चोरिस-पाव, ही गोव्याच्या घरांची सुखाची कल्पना.

मुसलमानांच्या बकरी ईदच्या पाठोपाठ येणाऱ्या तीन दिवसांना 'अय्याम-ए-तश्रीक' म्हणतात. या 'तश्रीक'चा अरबी कोशकारांनी दिलेला एक अर्थ मांसाच्या पट्ट्या करून उन्हात वाळवणं असा आहे. म्हणजे एका जगभरच्या सणाच्या दिवसांच्या नावातच मांस वाळवणं आहे. ज्यांच्याकडे कुर्बानी झाली त्यांच्याकडे एकाच दिवशी भरपूर मांस येतं, वाटूनही उरतं, ते टिकवायला हवंच.

दक्षिण अमेरिकेत इंकांच्या काळात लामाचं मांस वाळवून सरकारी कोठारांत ठेवायचे. केचुआ भाषेतल्या त्याच्या 'चार्की' या नावावरूनच इंग्रजीतला 'जर्की' हा शब्द आला. आज तीच जर्की आणि आफ्रिकेतलं बिल्टाँग चकचकीत पाकिटात 'हाय प्रोटीन स्नॅक' म्हणून मिळतं. नागालँडमध्ये चुलीवरच्या मचाणावर धुरलेलं डुकराचं मांस पाहुण्याला मानाने वाढतात.

कृती सगळीकडे जवळजवळ एकच. मीठ, वारा, ऊन, धूर. पण या सगळ्या लोकांना जनावर कधी कापायचं, ते ठरवता येत होतं. ईदची तारीख माहीत असते, पाऊस कधी येणार माहीत असतं. त्यांनी आधी दिवस ठरवला आणि मग मांस वाळवलं. आमच्याकडे मांस आधी आलं आणि दिवस त्यामागून फरफटत गेला. चोरिसची आठवण निघाली की गोव्याचा माणूस हसतो आणि चान्यांची निघाली की अण्णा फोन ठेवतात, यातला फरक मला तरी इथेच सापडतो.

पुस्तकात आलेल्या चान्या

ज्यांनी हे खाल्लं, त्यांनीच ते लिहून ठेवायला बराच काळ जावा लागला. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४चं. लिंबाळे आमच्याच अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्या पुस्तकातली भूक वाचताना मला भूगोल शोधावा लागला नाही. २००९ला पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नाच्या इतिहासावर आणि आठवणींवर एक पुस्तिका काढली. आणि २०१५ला शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतल्या पदार्थांचं हे पुस्तक. चान्या त्यात आहेत, येसूर आहे, रक्ती, वजडी आहे. तूप, दूध, तेलाची चैन मात्र जवळजवळ नाही, कारण ती त्या घरांत नव्हतीच. २०२४ला भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग अनेकांना ते पुस्तक 'सापडलं'.

योगायोग असा की ज्या २०१५ला पाटोळेंचं पुस्तक आलं, त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला. गाईबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीचं मांस परवानगी घेऊन चालतं.

कागदावर हे स्पष्ट आहे. तारेवर टांगलेल्या पट्ट्यांवर मात्र जनावराचं नाव लिहिलेलं नसतं. दारातून कुणी डोकावलं तर त्याला कलम वाचून दाखवायचं का? म्हणून आत्याने सुरुवातीलाच सांगितलं, "बोकडाचंच करू. कुणाला बोलायला जागाच नको." चाळीस माणसांच्या जेवणाचा पहिला निर्णय चवीवरून झाला नाही, तो असा झाला.

अण्णांचा डबा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी सुट्टी काढून मैंदर्गीला गेले. आधी अण्णांशी बोलायचं ठरवलं. ते निवृत्त शिक्षक. वाद घालायची त्यांना सवय आहे, पण यावर ते वाद घालत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आपणहून बोलले. १९७२चा दुष्काळ. ते दहा वर्षांचे होते. घरात धम्म येऊन सोळा वर्षं झाली होती, मेलेलं खाणं तर त्याच्या कितीतरी आधी सुटलं होतं. पण त्या वर्षी जोंधळ्याचं कणीस दिसलं नाही. रोजगार हमीची खडी फोडायची, लाल मिलो आणि सुकडी खायची. शेतकऱ्यांनी जनावरं मिळेल त्या भावाने बाजारात विकली. आजीने थोडं स्वस्तातलं मांस आणलं आणि कित्येक वर्षांनी तारेवर चान्या टांगल्या. मेलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. पण शाळेत डबा उघडल्यावर वासावरून कुणाला फरक कळणार?

"सगळी पोरं उठून लांब बसली," अण्णा म्हणाले. "मी घरी येऊन आईला म्हणालो, परत टांगलंस तर मी शाळेत जाणार नाही. तिनं परत कधी टांगलं नाही."

म्हणून कपडे वाळवायची तार.

मी काय बोलणार? पणजोबांनी उपाशी राहून जे सोडलं, अण्णांनी मान खाली घालून जे सोडलं, ते मी इंटरनेटवर वाचून 'आपला वारसा' म्हणून परत आणणार, हे मलाच विचित्र वाटायला लागलं. ज्याने ते भोगलं नाही, त्याला ते रुचकर वाटणं फार सोपं असतं.

पण आत्याचं म्हणणं वेगळं होतं. ती १९७२ला सहा वर्षांची होती. तिला डबा आठवत नव्हता, तिला आईचे हात आठवत होते. "आई रातभर चुलीपाशी बसायची धूर धरून. ती तेवढं चांगलं करायची अन् आमी ते लपवून ठेवलं. तिची काय चूक होती?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मग अण्णांनीच एक अट घातली. करायचं तर लपवून करायचं नाही. आणि पंधरा तारखेला ताटं वाढायच्या आधी पोरांना सगळं सांगायचं. नुसती कृती नाही, ढोर ओढण्यापासून डब्यापर्यंत सगळं.

बारा किलोचे चार

वर्गणी फोनवरच गोळा झाली. बारा किलो बिनहाडाचं मटण म्हणजे किती पैसे लागतात ते तुम्हीच मोजा. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांचं हे खाणं, ते आज करायला पगारदार माणसं एकत्र यावी लागली.

पहिले दोन किलो आम्ही वाया घालवले. मी पट्ट्या जाड कापल्या आणि दुसऱ्या दिवशी अवकाळी ढग आले. तिसऱ्या दिवशी बोट दाबलं तर आत मऊ लागलं आणि वास आला. आत्याने एक शब्द न बोलता सगळं खड्ड्यात पुरलं. मांस फेकून देताना तिचा चेहरा मला बघवला नाही.

नंतर पट्ट्या करंगळीपेक्षा बारीक आणि वीतभर लांब. मीठ, थोडी हळद आणि काळं तिखट. आजी फक्त मीठ लावायची. रात्रभर वर पाटा ठेवून पाणी निथळू दिलं. सकाळी गच्चीवर दोऱ्या बांधून, वर पातळ सुती कापड टाकून उन्हात. रात्री दव नको म्हणून आत. तीन उन्हं झाल्यावर चुलीवरच्या तारेवर.

मी तुराट्या पेटवल्या. तुराट्या भसकन पेटल्या आणि ज्वाळा वर गेली. मागून आवाज आला, "तुराटी नको. पट्ट्या शिजतील. बाभळीचा ओंडका ठेव आणि वर शेणी. धूर पाहिजे, जाळ नको."

अण्णा दारात उभे होते. एवढं बोलून निघून गेले. पन्नास वर्षं जे विसरायचा प्रयत्न केला, त्यातलं काहीच विसरले नव्हते.

चार रात्री धूर दिला. आत्या आणि मी आळीपाळीने उठायचो. डोळे चुरचुरत होते, केसांना वास बसला होता. दहा-बारा दिवसांत पट्ट्या काळपट तांबड्या, वाकवल्या तर कड्‌कन मोडतील अशा झाल्या. पुन्हा आणून बारा किलोचा आकडा पुरा केला होता, त्याचे जेमतेम चार किलो भरले. मिठाचा थर देत दोन बरण्यांत भरले. १४ एप्रिलला अजून चार दिवस होते.

ते चार दिवस मला फार आवडले. मांस तयार होतं आणि माणसं यायची होती. आमच्या घराच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदा मांस माणसांची वाट बघत होतं. कुणाचं ढोर मेलं नव्हतं, दुष्काळ पडला नव्हता. तारीख आम्ही ठरवली होती, आणि ती बाबासाहेबांच्या जन्माची होती.

पंधरा तारीख

पंधराला दुपारी अण्णांनी पोरांना चुलीच्या खोलीत बसवलं. मोठी माणसं दारात, खिडकीत. तार दाखवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. बिदरचा बादशहा, बावन्न हक्क, महाड, पाचशे रुपये, पणजोबा. डब्याची गोष्ट सांगताना ते थांबले, मग पुढे सांगितली. कलबुर्गीच्या पोरांना मराठी अडत होती तिथे आत्या कन्नडमधून सांगत होती.

सगळ्यात लहान भाच्याने विचारलं, "मग तुम्हाला राग येत नाही का?" अण्णा म्हणाले, "येतो. म्हणून तर सांगतोय."

मग जेवणं. निम्म्या चान्या गरम पाण्यात भिजवून येसूर लावून तुरीच्या डाळीत शिजवल्या होत्या. निम्म्या निखाऱ्यावर भाजून, पाट्यावर लसणासोबत ठेचल्या होत्या. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. ज्यांना नको त्यांच्यासाठी साधं वरण आणि वांगं. काही जणांनी तेच घेतलं आणि कुणी त्यांना आग्रह केला नाही. बाकीच्यांनी भाकऱ्या पुरेनात एवढं खाल्लं.

अण्णा वरण-भाकरी जेवले. उठताना आत्याच्या ताटातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "मीठ जरा कमी पडलंय," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

पुण्याला निघताना आत्याने एका डब्यात मूठभर चान्या बांधून दिल्या. खोलीवर पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. रूममेटने डबा उघडून वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे?

मला क्षणभर आजीची आठवण झाली.

"चान्या," मी म्हणाले. मग तिला सगळं सांगेपर्यंत साडेबारा वाजले.